पोपटपंचीची बाजू

मराठी भाषेने ज्या प्राणिमात्रांवर उघडउघड अन्याय केला आहे, त्यांत पहिला मान गाढवाचा आणि दुसरा पोपटाचा. गाढवाचे निदान एक बरे आहे. आपल्याविषयी काय बोलले जाते ते त्याला कळत नसावे, अशी समजूत करून घेऊन आपण मोकळे होऊ शकतो. पोपटाच्या बाबतीत तेवढीही खात्री नाही. अर्थ न कळता घोकले की ती 'पोपटपंची'. चारचौघांत फजिती झाली की 'पोपट झाला'. साहेबाचेच म्हणणे साहेबाला परत ऐकवून बढती मिळवतो माणूस, आणि बदनामी होते पोपटाची. नाकाचे म्हणाल तर सगळे कौतुक चाफेकळीचे. पोपटाचे नाक ज्याच्या वाट्याला आले, त्याने शाळेची दहा वर्षे कशी काढली हे त्याचे त्यालाच ठाऊक.

या सगळ्यांत पोपटाची खरी किंमत ओळखली ती एकट्या राक्षसाने. आजीच्या गोष्टीतला तो सात समुद्रांपलीकडचा राक्षस आठवा. एवढे अक्राळविक्राळ धूड, पण जीव कुठे ठेवायचा म्हटल्यावर त्याने सिंह निवडला नाही, हत्ती निवडला नाही. पोपट निवडला. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा निर्णय साफ फसला. राजपुत्राने पोपटाची मान पिरगाळली आणि राक्षस आडवा झाला. पण मला नेहमी वाटते, एवढ्या मोठ्या वाड्यात त्या बिचाऱ्याशी बोलायला दुसरे होते कोण? पळवून आणलेली राजकन्या होती, पण ती त्याच्याशी बोलत नसणार हे उघड आहे. मग ज्याच्याशी दिवसाकाठी दोन शब्द होतात, त्याच्यातच जीव अडकायचा.

हे राक्षसाचे झाले. आमच्या ठाण्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नाना राहतात. त्यांच्याइतका सौम्य माणूस सबंध सोसायटीत नाही, पण जीव कुठे ठेवला आहे याबाबतीत त्यांचे आणि राक्षसाचे एकमत आहे. नाना बँकेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षे झाली. एकुलता एक मुलगा टोरांटोला. वहिनी २०१९ साली गेल्या. घरात आता नाना आणि पंत.

पंत म्हणजे आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट. पोपट असून तो पोपटी नाही, इथूनच घोटाळ्याला सुरुवात होते. अंग राखाडी, चेहरा पांढुरका, डोळे फिकट पिवळे आणि शेपटी तेवढी लालभडक. मान वाकडी करून तो आपल्याकडे पाहू लागला, की जुन्या काळच्या एखाद्या मामलेदारापुढे अर्ज घेऊन उभे आहोत असे वाटते. २०१२ साली तो या घरात आला तेव्हा वहिनींनी त्याला पाहता क्षणी "या पंत, बसा," म्हटले आणि तेच नाव झाले. परदेशी पक्ष्यांची सरकारदरबारी नोंद करण्याचे नियम २०२४ साली आले, त्याप्रमाणे नानांनी नोंद केली आहे. "माझं रेशनकार्ड अजून जुन्या पत्त्यावर आहे," नाना अभिमानाने सांगतात, "पण पंतांचे कागद चोख!"

या जातीला नकलेची जी देणगी आहे, ती पाहून आमच्या गणेशोत्सवातल्या नकलाकारांनी धंदा सोडावा. पंत कुकरची शिट्टी देतो. दाराची बेल वाजवतो. नानांचा सकाळचा खोकला अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवतो. लिफ्टमधल्या त्या अदृश्य बाईचे "कृपया दरवाजा बंद करा" तो इतक्या थंडपणे म्हणतो, की मध्यंतरी लिफ्ट चार दिवस बंद होती तेव्हा वॉचमन दोनदा तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून खात्री करून आला.

आणि पंत वहिनींच्या आवाजात "चहा टाकू का?" असे विचारतो.

हे पहिल्यांदा मी ऐकले त्या दिवशी आम्ही तिघे नानांकडे गेलो होतो. मी, आमची सौभाग्यवती आणि तिचे भाऊ. हे माझे मेहुणे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले आहेत. कोणतीही गोष्ट आहे तशी राहू देणे त्यांना जमत नाही. आम्ही बसलो आणि टोरांटोहून फोन आला. यंदाही दिवाळीला जमत नाही, असे काहीतरी असावे. "हो हो, कामं महत्त्वाची," असे दोनतीनदा म्हणून नानांनी फोन ठेवला आणि एक लांब उसासा टाकला. त्याबरोबर कोपऱ्यातून आवाज आला,

"चहा टाकू का?"

तोच आवाज. 'का'वर किंचित वर जाणारा तोच हेल. आमच्या हिने चटकन पदर डोळ्यांना लावला. मी उगाचच पंख्याकडे पाहिले.

"बघितलंत?" नाना म्हणाले. "दुसऱ्या कशाला बोलत नाही हे वाक्य. नेमका उसासा ओळखतो. त्याला माझं मन कळतं."

कोणीही शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मेहुणे म्हणाले, "नाना, रागावू नका. पण वहिनी होत्या तेव्हा तुम्ही उसासा टाकला की त्या चहाचं विचारत असणार."

"विचारत होती."

"चहाबरोबर बिस्किट येत असणार."

"येत होतं."

"आणि त्यातला तुकडा ह्याला मिळत असणार."

"नेहमीच."

"मग झालं! उसासा, वाक्य, बिस्किट. ही नुसती सवय आहे. ह्याला तुमचं मनबिन काही कळत नाही. बिस्किट कळतं."

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग शांतपणे म्हणाले, "तुमचं बरोबर असेल. पण मी उसासा टाकला की चाळीस वर्षं ती चहाचं विचारायची, तीही सवयच होती ना हो?"

यावर मेहुण्यांनी चहा घेतला, आणि तो संपल्यावर आणखी अर्धा कप मागितला. पदार्थविज्ञानात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण मराठीत याला निरुत्तर होणे म्हणतात.

घरी आल्यावर त्यांनी कुमक म्हणून थेट देकार्तला बोलावले. या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६३७ साली लिहून ठेवले आहे, की पोपट आणि मॅग्पाय आपल्यासारखे शब्द उच्चारतात खरे, पण आपण बोलतो त्याचा विचार आपण करत आहोत, असे काही त्यांच्याकडून दिसत नाही. सबब ते बोलणे नव्हे. मी म्हटले, ही कसोटी पोपटाला लावायला माझी हरकत नाही. फक्त तीच कसोटी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेलाही लावू द्या. आमची ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "सभेपर्यंत कशाला जायला हवं? मी दिवसभराचं सांगत असते तेव्हा पेपरातून मान वर न काढता 'हं, हं' करणारे एक गृहस्थ ह्याच घरात आहेत. पंत निदान आधी उसासा ऐकतो, मग बोलतो."

चर्चा इथे संपली, पण प्रश्न डोक्यातून जाईना. पोपटाला आपल्याविषयी खरोखर काही वाटते का? की आपलेच शब्द त्याच्या चोचीतून परत आले, की आपल्याला ते सांत्वन वाटते?

शास्त्रज्ञांनी या बाबतीत बरेच उपद्व्याप करून ठेवले आहेत. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन बाईंनी १९७७ साली शिकागोतल्या एका दुकानातून पंताच्याच जातीचा एक पोपट आणला आणि त्याचे नाव ठेवले अ‍ॅलेक्स. त्याला त्यांनी तीस वर्षे शिकवले. तो रंग सांगे, आकार सांगे, सहापर्यंत मोजे, दोन वस्तूंत सारखे काय आणि वेगळे काय तेही सांगे. तेच तेच विचारून कंटाळा आणला तर मुद्दाम चुकीची उत्तरे देई. म्हणजे विद्यार्थ्याची सगळी लक्षणे होती. २००७ च्या सप्टेंबरात तो गेला. आदल्या रात्री पिंजऱ्यात ठेवताना तो बाईंना म्हणाला होता, की नीट राहा, माझं तुझ्यावर प्रेम आहे, उद्या भेटू. ही बातमी जगभर पसरली आणि लोक हळहळले. लगेच कुणीतरी खुलासा केलाच, की हे तर तो रोज रात्री म्हणायचा. त्यात विशेष काही नाही.

त्यात विशेष काही नाही! आपल्याकडे घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. पायात चपला सरकवताना, किल्ली शोधताना, लक्ष दुसरीकडे असताना आपण 'येतो' म्हणतो, आणि आतून, हात पिठात असताना, 'या' म्हणून उत्तर येते. यात कोण अर्थाचा विचार करतो? देकार्तच्या कसोटीला ही निव्वळ पोपटपंची. पण एखाद्या दिवशी ते 'या' आले नाही, तर जिन्यावरून परत फिरणारी माणसे मी पाहिली आहेत.

माया नावाची गोष्ट अशी घोकूनच पाठ होते, असे मला वाटते. कुणी गेले की आपण भेटायला जातो तेव्हा काय बोलतो? "ईश्वराची इच्छा." "सुटले बिचारे." "आता तुम्हीच धीर धरायला हवा." गेली कैक शतके हीच वाक्ये आहेत. त्यांत भर घालण्याची प्रतिभा कोणी दाखवली, तर लोक त्याला बाजूला घेऊन गप्प करतात. समोरच्यालाही शब्द नकोच असतात. कुणीतरी आले, बाजूला बसले, ओळखीचा आवाज कानांवर पडला, एवढेच त्याला हवे असते.

गंमत म्हणजे पोपटाच्या बोलण्यातही मुळात तेवढेच असते. पोपट हा थव्याने जगणारा पक्षी. दाट झाडीत एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून हाका मारत राहतात. मी इथे आहे, तू कुठे आहेस? व्हेनेझुएलात पोपटांची एक चिमुकली जात आहे. तिच्या घरट्यांत यंत्रे लावून बसलेल्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले, की पिल्लांच्या हाका आईबापांच्या हाकांवर बेतलेल्या असतात. दुसऱ्याच्या घरट्यात वाढवलेले पिल्लूसुद्धा हाक उचलते ती वाढवणाऱ्यांची. म्हणजे नाव घरच्यांनी ठेवायचे ही पद्धत तिकडेही आहे. फक्त बारशाला घुगऱ्या नसतात. घरात पाळलेल्या पोपटाला थवा नसतो, तेव्हा तो समोर असेल त्यालाच थवा मानतो आणि त्या थव्याची भाषा उचलतो. पंताच्या थव्यात दोघेच होते. त्यातले एक जण हाका मारायचे थांबले. पंत ती हाक चालू ठेवतो आहे.

याला सहानुभूती म्हणावे का? जपून बोललेले बरे. पण पोपटांना शेजाऱ्याचे काही पडलेलेच नसते, असे मात्र आता म्हणता येत नाही. बजरीगर एकमेकांच्या जांभया पाहून जांभया देतात, हे २०१५ साली सिद्ध झाले. न्यूझीलंडमधले किया पोपट खेळताना जो विशिष्ट आवाज काढतात, तो नुसता ध्वनिफितीवरून ऐकवला तरी बाकीचे किया जिथल्या तिथे बागडायला लागतात, हे २०१७ साली दिसले. हसणारी माणसे पाहून आपणही विनोद न कळता हसतो, त्यातलाच हा प्रकार. विनोदी लेखकांचे पोट याच तत्त्वावर चालते.

सगळ्यांत नवलाचा प्रयोग झाला स्पेनच्या तेनेरीफ बेटावर. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. शेजारशेजारच्या खणांत दोन ग्रे पोपट ठेवले. धातूची चकती संशोधकाच्या हाती दिली की अक्रोडाचा तुकडा मिळतो, हे दोघांनाही शिकवलेले. मग एकाकडे ढीगभर चकत्या दिल्या, पण त्याची खिडकी बंद ठेवली. दुसऱ्याची खिडकी उघडी, पण त्याच्याकडे चकतीच नाही. पहिल्याने काय केले? आपल्या चकत्या चोचीने एकेक करून शेजाऱ्याला दिल्या! स्वतःला अक्रोड मिळणार नाही हे दिसत असताना दिल्या. दोस्ताला जास्त दिल्या, पण परक्यालाही दिल्या. शेजाऱ्याची खिडकी बंद असली, की देण्यात अर्थ नाही हेही ओळखले. हाच प्रयोग मकाव जातीच्या पोपटांवर केला, तर त्यांनी शेजाऱ्याकडे ढुंकून पाहिले नाही. मी हे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितले. ते म्हणाले, "आपल्याकडे ए विंगमध्ये सगळे मकाव आहेत."

तेव्हा पोपटाला दुसऱ्याचे कळते, निदान काही पोपटांना काही वेळा कळते, एवढे मानायला हरकत नसावी. नानांना हे सगळे सांगावे म्हणून मी मोठ्या उत्साहाने वर गेलो. संध्याकाळची वेळ होती. समोरच्या रेन ट्रीवर आपले हिरवे पोपट रात्रीच्या मुक्कामाला उतरत होते. शे-दोनशे तरी असतील. दिवसभरात कोणी काय खाल्ले, कोणाच्या पेरूवर बसले, याचा एकच गलका चालला होता. पंत खिडकीच्या जाळीला चिकटून बसला होता. शिट्टी नाही, बेल नाही. मान वाकडी करून नुसता ऐकत होता.

"रोज ह्या वेळी असा बसतो," नाना म्हणाले. "त्याला माझं कळतं असं मी सगळ्यांना सांगत असतो. पण ह्या वेळी मला त्याचं काय कळतं, असं वाटायला लागतं."

मी तेनेरीफच्या चकत्या खिशातच ठेवल्या.

महाभारताच्या अनुशासनपर्वात एका पोपटाची गोष्ट आहे. एका पारध्याचा विषारी बाण हरिणाला लागायच्याऐवजी एका मोठ्या झाडाला लागला आणि ते झाड वाळत गेले. पाने गेली, फळे गेली, सगळे पक्षी उडून गेले. ढोलीतला एक पोपट मात्र झाडाबरोबर वाळत बसून राहिला. इंद्राला नवल वाटले. पशुपक्ष्यांत एवढी करुणा कुठून आली, ते पाहायला तो ब्राह्मणाच्या वेषात आला आणि म्हणाला, एवढे अरण्य पडले आहे, दुसरे झाड बघ. पोपट म्हणाला, मी इथे जन्मलो, इथे वाढलो, या झाडाने मला सांभाळले. ते बरे होते तेव्हा त्याच्या आसऱ्याने राहिलो, आता त्याला सोडून जाऊ? इंद्र प्रसन्न झाला आणि वर माग म्हणाला. पोपटाने झाड पुन्हा हिरवे कर, एवढेच मागितले. युधिष्ठिराने दयाळूपणाबद्दल विचारले तेव्हा शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी त्याला हीच गोष्ट सांगितली. उदाहरणाला एवढे राजे-महाराजे असताना पोपट निवडला! राक्षसानंतर पोपटाची किंमत ओळखणारे हे दुसरे.

पण या गोष्टीत एक मेख आहे. तो पोपट उडून जाऊ शकत होता. अरण्य मोकळे होते, पंख शाबूत होते, आणि तरी तो थांबला, म्हणून इंद्र खाली उतरला. झाडाने त्याच्या पायात साखळी अडकवली असती, तर इंद्र कशाला येतो? आपण पोपटाला पिंजऱ्यात घालतो, कडी लावतो, आणि मग चारचौघांत सांगतो की बघा, मला सोडून कुठे जात नाही! सांत्वन तर सांत्वन, तेही कैद्याकडून, आणि घेणारे आपण तुरुंगाधिकारी.

माझ्या लहानपणी वाड्यात आमच्या आत्याचा राघू ओसरीवर टांगलेला असे. भिजवलेली डाळ, पेरूची फोड, हिरवी मिरची, सगळे वेळच्या वेळी. तोही दिवसभर 'विठू विठू' करी आणि आत्या म्हणे, माझा राघू पुण्यवान आहे. आज असा राघू पाळणे गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातल्या पोपटांना संरक्षण आहे. कायदा देशी पोपटाचा कैवार घेतो. परदेशी पोपट मात्र रीतसर कागद असले की ठेवता येतो. मन दोघांचे सारखेच, फरक फक्त नागरिकत्वाचा. पंताच्या जातीची आफ्रिकेतल्या जंगलांतून इतकी पकडापकडी झाली, की २०१६ साली देशोदेशींच्या सरकारांनी जंगलातून पकडलेल्या ग्रे पोपटांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचे ठरवले. आणि जे पकडले गेले, त्यांतले कित्येक एकेकटे. एकटा पडलेला ग्रे पोपट पुष्कळदा स्वतःची पिसे स्वतःच उपटतो. त्याचा उसासा असा असतो. त्याला चहाचे विचारायला कोणी येत नाही.

मग सोडून द्यायचे का? मी नानांना विचारले. "कुठे?" नाना म्हणाले. "पंत पिंजऱ्यात जन्मला, माणसाच्या हातून खाऊन मोठा झाला. दार उघडलं तर संध्याकाळपर्यंत कावळे नाहीतर घारी त्याचा निकाल लावतील. त्याला सोडून मला पुण्य मिळेल. त्याला काय मिळेल?"

तेही खरे. आपल्या मनाला बरे वाटावे म्हणून पिंजरा उघडणे आणि आपल्या मनाला बरे वाटावे म्हणून तो लावून घेणे, यांत पोपटाच्या बाजूने फारसा फरक नाही. विचार दोन्हीकडे आपलाच.

याच सुमारास मी नानांना एक हकीकत सांगितली. अमेरिकेत लॉस एंजेलिसला निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयाच्या आवारात २००५ साली पोपटांसाठी एक आसरा उभा राहिला. पोपट कुठले, तर मालकांनी टाकून दिलेले. कुणाचा मालक वारला, कुणाला घरच्यांनी कंटाळून हाकलले. त्यांना सांभाळायला होते युद्धावरून मनाने मोडून परत आलेले सैनिक. ज्यांना बायकामुलांशी बोलणे जमेना, त्यांना पिसे उपटून बसलेल्या पोपटाजवळ तास न् तास बसणे जमले. कुत्र्यासारखा पोपट कुणालाही शेपूट हलवून दाखवत नाही. त्याचा विश्वास कमवावा लागतो. ते कमावता कमावता दोन्ही बाजू थोड्या थोड्या सावरल्या.

मला वाटले होते, नाना सैनिकांविषयी काही बोलतील. ते म्हणाले, "मालक वारला म्हणून टाकलेले?"

ग्रे पोपट सांभाळला तर चाळीस-पन्नास वर्षे सहज जगतो. नाना एकोणऐंशीचे आहेत. हा हिशेब बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला मी करून दाखवण्याची गरज नव्हती.

त्यानंतर नानांनी जे आरंभले, ते पाहून मी थक्क झालो आहे. पहिल्या मजल्यावर एक आठवीतली मुलगी आहे. तिला पंताचे वेड आणि तिच्या आईची हरकत नाही. नानांनी तिला रोज संध्याकाळी वर बोलवायला सुरुवात केली. पंताचा जीव की प्राण म्हणजे बदाम. तो आता नाना देत नाहीत, ती देते. ती आली की नाना आतल्या खोलीत जाऊन बसतात. का, तर ते समोर असले की पंत तिच्याकडे बघतच नाही. पहिल्या आठवड्यात तो तिला दोनदा चावला. मग मान खाली घालून खाजवून घेऊ लागला. पुढे शनिवारची रात्र पंताने पहिल्या मजल्यावर काढायची, असे ठरले. पहिल्या शनिवारी तो खालून "नाना! नाना!" करत राहिला. जिन्यात सगळ्यांना ऐकू येत होते. मी इथे आहे, तू कुठे आहेस? वर नानांनी रेडिओ मोठा केला. त्यांना गाण्याची आवड नाही.

दुसऱ्या दिवशी मी विचारले, "नाना, कशासाठी हा जिवाला त्रास?"

"अहो, मी गेल्यावर तो एक आठवडा ओरडला, तर मला यायचं आहे का खाली?" नाना म्हणाले. "त्याच्या थव्यात आणखी एक माणूस घालून ठेवतो आहे, एवढंच."

आपल्यावाचून कुणाचे तरी अडावे, म्हणून आयुष्यभर धडपडणारी माणसे मी ढीगभर पाहिली आहेत. आपल्यावाचून अडू नये म्हणून धडपडणारा माणूस क्वचित दिसतो. पोपटाला सहानुभूती असते का, हा प्रश्न आता मला तितकासा छळत नाही. तो अक्रोडाच्या तुकड्यांवर शास्त्रज्ञ सोडवतील. ती माणसाला असते का, हा प्रश्न त्याहून जुना आहे. त्याचे उत्तर आपल्या उसाशाला कोण धावून येते यावरून मिळत नाही. दुसऱ्याचा उसासा आपल्याला गैरसोयीचा असताना ऐकू येतो का, यावरून मिळते.

परवा पहिल्या मजल्यावरच्या बाई आमच्याकडे विरजण मागायला आल्या होत्या. म्हणाल्या, "शनिवारी काय झालं, सांगते. दिवसभराचं काम आवरून मी टेकले आणि सहज 'हुश्श' केलं. तर पाठीमागून आवाज, 'चहा टाकू का?' मी केवढ्याने दचकले! आणि मग काय झालं कुणास ठाऊक, रडूच आलं. अहो, पंधरा वर्षांत मला त्या घरात हे कुणी विचारलं नव्हतं."

बाई विरजण घेऊन गेल्या. आमची ही बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एक उसासा टाकला. मी पेपर खाली ठेवला, जमेल तेवढा आवाज मऊ केला आणि म्हटले, "चहा टाकू का?"

"पोपटपंची पुरे," ती म्हणाली. "दूध संपलंय. पिशवी घ्या आणि घेऊन या."

मी चपला सरकवल्या आणि म्हटले, "येतो."

"या," ती आतून म्हणाली.